वाशी पुलाच्या आठवणी गोळा करायला निघालीयेस, तर हे वाच

तुझा मेसेज वाचला, प्रश्नांची यादी पण बघितली, आणि स्पष्टच सांगतो, सगळे प्रश्न पुलाबद्दलच आहेत. कधी बांधला, उद्घाटनाला कोण आलं वगैरे. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांना कशाला त्रास द्यायचा? पहिला ठाणे खाडी पूल (हाच आपला वाशी पूल, मुंबई आणि नवी मुंबई जोडणारा) १९७३ चा, दुसरा १९९७ चा, हे कुठेही सापडतं. तू पुलाच्या आधी तिथे काय होतं ते ऐकायला जा.

कोणी 'नवीन पूल' म्हणालं की लगेच विचार, कुठला? आजीचा नवीन पूल ७३ चा असतो, तिच्या मुलाचा ९७ चा, नातवाचा २०२४ चा तिसरा, आणि मधेच रेल्वेचा पूल घुसतो ज्याच्यावरून ९२ साली लोकल वाशीला आली. साल विचारलंस तर लोक काहीतरी आकडा ठोकून देतात. त्यापेक्षा बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी का नंतर, आणीबाणीत गाड्या जात होत्या का, असं विचार.

जमिनीचा विषय निघाला की घड्याळ बघू नकोस. १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात धरल्या, भातशेती, मिठागरं सगळंच. मग बोलणं ८४ च्या जासईच्या गोळीबारावर जाणार (जमिनीसाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी केलेला), त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटलांवर, आणि घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के विकसित जमिनीवर. जाऊ दे, मधे तोडू नकोस (चहा आला तरी रेकॉर्डिंग चालू ठेव, खरं बोलणं तेव्हाच होतं). शेवटी जुना सातबारा आहे का विचार आणि सर्व्हे नंबरसोबत त्या शेताला घरात काय म्हणायचे तेही लिहून घे, कारण ते नाव कागदावर नसतं.

पण माझं खरं म्हणणं पुढेच आहे. जमिनीला सातबारा असतो, खाडीला नसतो. चिखलात मांडीपर्यंत उतरून निवटे (चिखलातले छोटे मासे) धरणाऱ्या, कालवं काढणाऱ्या बाईची रोजची जागा ठरलेली असते, पण तिच्या नावावर काहीच नसतं. तिसऱ्या पुलाच्या वेळी मच्छीमार हायकोर्टात गेले, २०२१ मध्ये कोर्टाने भरपाई द्यायला सांगितली. अशा वेळी कोण कुठे मासेमारी करायचं हे दाखवावं लागतं, आणि ते या लोकांच्या डोक्यातच आहे. म्हणून नकाशाची मोठी प्रिंट घेऊन जा, पेन त्यांच्या हातात दे. जाळं कुठे लावायचे, खांब आल्यावर गाळ कुठे साचला, होडी कुठून वळवावी लागते, हे त्यांनाच काढू दे. बायकांना वेगळं बसवून विचार, नाहीतर उत्तरं पुरुषच देत बसतात.

आणि घरात बसून हे होणार नाही, ओहोटीला त्यांच्यासोबत काठावर जावं लागेल, तेव्हाच जागा उघड्या पडतात. या रविवारी ओहोटी किती वाजता आहे ते बघून मला कळव, जमलं तर मीही येतो.