कविता लिहू लागलेल्यास पत्र

प्रिय मित्र,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतच्या कविता मिळाल्या. त्या मी सावकाश वाचल्या. छंद-वृत्ते न शिकता थेट मुक्तच्छंदात लिहायला काय हरकत आहे, असे तू विचारले आहेस. हरकत घेणारा मी कोण? परंतु मुक्तच्छंदात ओळ कुठे थांबवायची हे सांगायला लिहिणाऱ्याच्या कानाखेरीज दुसरे कोणी नसते, आणि तो कान तयार होण्यापूर्वी लिहिलेली मुक्तच्छंदातली कविता बहुधा ओळींत तोडलेले गद्य ठरते. म्हणून सुरुवात अभंगाने कर, असे मी तुला आग्रहाने सांगेन.

मोठ्या अभंगाची बांधणी सोपी आहे. चार चरणांत अनुक्रमे ६, ६, ६ आणि ४ अक्षरे येतात, दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते, जोडाक्षर एकच अक्षर धरले जाते आणि लघु-गुरूचा, म्हणजे अक्षराचा उच्चार आखूड की लांब याचा, हिशोब ठेवावा लागत नाही. आता समजा, तुला दिवंगत आजोबांविषयी लिहायचे आहे. पहिल्यांदा हाताशी येतील ते शब्द म्हणजे आठवण, अश्रू, पोरके मन. तुझ्या कवितांतही तेच आले आहेत. हे शब्द खोटे नाहीत, पण ते कोणाच्याही आजोबांना लागू पडतात. त्याऐवजी डोळ्यांसमोर एखादी वस्तू आण आणि तिच्याविषयीच लिही:

आजोबांची काठी
कोपऱ्यात राहे
मूठ तिची आहे
झिजलेली

यात दुःखाचा उल्लेख नाही, तरीही झिजलेली मूठ हातात धरणारा माणूस वाचकाला दिसतो. शेवटच्या चरणाला चारच अक्षरे मिळतात, त्यामुळे स्पष्टीकरणाला जागा उरत नाही आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द तिथे आणावा लागतो. मात्र याच चार ओळींत एक कच्चा दुवाही आहे. ‘राहे’ हे रूप आज आपण बोलताना वापरत नाही; ते केवळ ‘आहे’शी यमक जुळावे म्हणून आले आहे. अशी जागा सापडली की यमकावर समाधान न मानता दोन्ही चरण पुन्हा लिहावेत. कवितेचे बहुतेक काम या पुनर्लेखनातच होते, आणि नवे कवी नेमके तेच टाळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रत्येक खर्डा मोठ्याने वाच. जीभ जिथे अडखळते तिथे अक्षरे मोजून पाहा. कधी अक्षर कमी-जास्त झालेले असते, तर कधी संख्या बरोबर असूनही शब्द चरणाच्या सीमेवर तुटलेला असतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता त्या ओव्या रचत आणि गात, आणि त्या इतरांनी टिपून ठेवल्या. अक्षरओळख नसतानाही रचना इतकी बांधेसूद होऊ शकते, कारण छंद मुळात कानाने शिकायचा असतो.

अभंग अंगवळणी पडल्यावर अक्षरगणवृत्ताकडे, म्हणजे लघु-गुरूचा क्रमही ठरलेला असतो अशा वृत्ताकडे, वळ. भुजंगप्रयात त्यासाठी उत्तम, कारण समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांमुळे त्याची चाल आपल्या कानात आधीच बसलेली असते. त्याच्या चरणात १२ अक्षरे, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे चार ‘य’ गण येतात, आणि प्रत्येक गणात आधी एक लघू व मग दोन गुरू असतात. गणांची नावे पाठ करण्याची घाई नको. आधी चाल गुणगुणत तिच्यावर आपले शब्द बसवून पाहा. मात्रावृत्ते आणि गझल यांच्याविषयी सवडीने लिहीन.

वाचन अर्थातच चालू ठेव, पण आवडत्या कवीची शब्दकळा आपल्या वहीत उतरू लागली आहे असे वाटले, तर काही दिवस दुसऱ्या काळातला कवी वाच. प्रसिद्धीचा विचार तूर्त बाजूला राहू दे.

पाठवलेल्या कवितांपैकी पावसावरची कविता अभंगात पुन्हा लिहून पाहा, आणि पुढच्या पत्रासोबत केवळ शेवटचा खर्डा न पाठवता खोडलेल्या ओळींसह सगळे कागद पाठव. कोणता शब्द तू का काढलास, हे मला पाहायचे आहे.

तुझा शुभचिंतक