मुलांना निवड देणे म्हणजे मोकळे सोडणे नव्हे

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी सोळा वर्षांची आहे. तिची शाखा आपण निवडली, अभ्यासाचे वेळापत्रकही आपणच आखून दिले, तरी आपण समोर असेपर्यंतच तिचे पुस्तक उघडे राहते, असे आपण कळवले आहे, आणि तिची शाखा बदलावी का, असेही विचारले आहे. स्वातंत्र्याची कल्पना पाश्चात्त्य असून वडीलधाऱ्यांचा शब्द मानणाऱ्या घरात ती चालत नाही, असेही आपले मत आहे.

ही शंका संशोधकांनाही पडली होती. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अमेरिकेतील आशियाई वंशाच्या मुलांनी आईने निवडल्याचे सांगितलेली शब्दकोडी सर्वाधिक उत्साहाने सोडवली, तर गोऱ्या मुलांनी स्वतः निवडलेली. हा निष्कर्ष आपल्या बाजूचा वाटेल. परंतु ती मुले सात ते नऊ वर्षांची होती, आणि आईची निवड त्यांनी मनापासून आपली मानली असावी. आपल्या मुलीच्या बाबतीत नेमके तेच घडलेले दिसत नाही. चिरकोव्ह आणि रायन यांनी 2001 मध्ये रशियन व अमेरिकन किशोरवयीन विद्यार्थ्यांची तुलना केली, तेव्हा रशियन मुलांना पालक व शिक्षक अधिक नियंत्रण ठेवणारे वाटले; मात्र जिथे मुलांच्या मताला आधार मिळत होता, तिथे अभ्यासाची आंतरिक प्रेरणा आणि मनःस्वास्थ्य दोन्ही देशांत चांगले आढळले.

स्वायत्तता म्हणजे एकट्याने निर्णय घेणे, हा समज इथे घोटाळा करतो. वडिलांचा सल्ला पटल्यामुळे तो मानणारी मुलगी स्वायत्तच असते; उलट ‘तुझे तू बघ’ म्हणून हात झटकणे हा आधार नव्हे. (हात झटकणारे पालकही मला पत्रे लिहितात, आणि त्यांची मुलेही तितकीच गोंधळलेली असतात.)

तेव्हा ते वेळापत्रक काढून तिलाच नवे आखायला सांगावे. ‘रात्री नऊनंतर बसते’ असे ती म्हणाली, तर ‘सकाळीच डोके चालते’ हे उत्तर लगेच देऊ नये. रात्रच का, हे आधी विचारावे. झोपेची मर्यादा जरूर घालावी, पण कारण सांगून, आणि ती नाराज झाली तर ‘तुला हे जाचक वाटते, हे कळते मला’ एवढे म्हणून. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढे करतो’ हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळावे, कारण अपराधभावाने केलेला अभ्यास टिकत नाही आणि मनावरचा ताण वाढवतो.

शाखा बदलायची की नाही, याचे उत्तर मी आज देत नाही. तो प्रश्न तिचाही आहे का, हे आपल्या पत्रातून मला समजलेले नाही. तिला लिहावेसे वाटले, तर तिने अवश्य लिहावे.