स्पॅनिश व्यक्तिचित्रातील माणूस ओळखताना

तुमच्याकडील चित्रातले गृहस्थ कोण, हे शोधताना चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. आधी छातीवरचा क्रूस पाहा. तलवारीच्या आकाराचा लाल क्रूस सांतियागो या लष्करी संघाचा, टोकांना पाकळ्या असलेला लाल क्रूस कालात्राव्हाचा, आणि तसाच पण हिरवा असेल तर आल्कान्ताराचा. या संघांत प्रवेशासाठी आजी-आजोबांपर्यंतचे कुलीनत्व साक्षीदारांकरवी सिद्ध करावे लागे, आणि त्या चौकशीची बरीच कागदपत्रे माद्रिदच्या राष्ट्रीय ऐतिहासिक अभिलेखागारात आहेत. म्हणजे नाव हाती लागले की दोन पिढ्यांची वंशावळ बहुधा आयतीच मिळते.

मात्र क्रूसावरून चित्राचा काळ ठरवण्याची घाई नको. स्पॅनिश दरबारी चित्रकार वेलास्केसने १६५६ मध्ये रंगवलेल्या ‘लास मेनिनास’ या चित्रात त्याने स्वतःलाही चितारले आहे आणि त्याच्या छातीवर सांतियागोचा क्रूस दिसतो, पण त्याला संघात प्रवेश मिळाला १६५९ साली, तो क्रूस मागाहून रंगवलेला आहे. कोपऱ्यातील कुलचिन्हही वारसांनी नंतर घालून घेतलेले असू शकते. भिंगातून पाहा: त्याचा रंग जुन्या तड्यांत उतरलेला दिसला, तर संशय घ्यावा.

आडनावांनी मला सुरुवातीला चांगलेच चकवले. स्पेनमध्ये स्त्री लग्नानंतरही माहेरचेच आडनाव लावते, आणि सतराव्या शतकात तर सख्ख्या भावंडांची आडनावेही वेगळी असत, कारण एखाद्याला आजोळची वतनवाडी मिळवण्यासाठी तिकडचे नाव घ्यावे लागे. त्यामुळे आडनाव जुळत नाही एवढ्यावरून नाते नाकारू नका. चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींत आईवडिलांची नावे तपासा.