दहा किलो चरबी गेली, पण गेली कुठं?

प्रश्न : नमस्कार ताई, मी नागपूरचा, वय ४२. दिवाळीपासून रोज सकाळी अंबाझरीला चालायला जातो, रात्रीचं जेवण कमी केलं, सावजी महिन्यातून एकदाच, तर्री पोहे तर जवळपास बंदच, आणि १० किलो उतरलो. आता घरात वाद सुरू आहे की एवढी चरबी गेली कुठं. जिमवाला भाऊ म्हणते तिचे मसल झाले, आई म्हणते पोट साफ होऊन राहिलं म्हणून गेली, साळा म्हणते घामातून गेली आणि तो आता मे महिन्यात रेनकोट घालून पळून राहिला. खरं काय ते सांगा ना.

उत्तर : दादा, आधी साळ्याचा रेनकोट उतरवा, बाकीचं मग वाचा. पारा ४५ च्या आसपास असताना अंगाला प्लास्टिक गुंडाळून पळणं म्हणजे ऊन लागायची पक्की सोय. पळून आल्यावर काट्यावर किलोभर कमी दिसते ते सगळं पाणी, ताक-पाणी पोटात गेलं की काटा परत जागेवर.

तुमची चरबी गेली ती बहुतेक नाकातोंडातून, श्वासावाटे. चरबीत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच असते. खाणं कमी पडलं की चरबीच्या पेशींमधला साठा फुटून रक्तात येते, स्नायू-हृदय वगैरे मंडळी तो ऑक्सिजनसोबत जाळतात, अन् शेवटी उरते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशोबच मांडला होता. १० किलो चरबी जाळायला २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो, त्यातून २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ११ किलो पाणी तयार होते, बेरीज करून बघा, दोन्हीकडे ३९ च येते. मूळच्या १० किलोपैकी ८.४ किलो हवेत जाते आणि फक्त १.६ किलोचं पाणी होते. ते पाणी लघवी, घाम, श्वास असं कुठूनही जाते, म्हणजे साळ्याला पास होण्यापुरते मार्क देऊ शकता, जास्त नाही. याच दोघांनी डॉक्टर, डायटिशियन आणि ट्रेनर लोकांनाही हा प्रश्न विचारला होता, बहुतेकांनी सांगितलं की चरबीची एनर्जी होते. एनर्जी मिळते हे खरं, पण वजन कुठं गेलं ते त्यातून कळत नाही ना.

मसलचं म्हणाल तर ते प्रोटीनचे, त्यांना नायट्रोजन लागतो आणि चरबीत तो नसतोच, मग ती मसल होणार कशी? आणि आईंना जरा प्रेमानं सांगा, संडासवाटे जाते ते न पचलेलं अन्न, पाणी आणि जंतू, पोटावरच्या टायरमधून आतड्यात उतरायला रस्ता नाही.

मग नुसतं जोरजोरात श्वास घेतला तर? काही होत नाही, चक्कर येईल आणि बोटांना मुंग्या येतील. जेवढं जळलं तेवढाच कार्बन बाहेर जाईल. साधी रोजची कामं करणारा ७० किलोचा माणूस दिवसभरात श्वासातून साधारण २०० ग्रॅम कार्बन टाकतो, तासभर जॉगिंग केलं तर वर जेमतेम ४० ग्रॅमची भर. १०० ग्रॅम साखरेतच एवढा कार्बन असतो! म्हणून मी तर म्हणीन की तुमचं वजन चालण्यापेक्षा ताटानं जास्त उतरवलं, तरी चालणं सोडू नका, शुगर-बीपीसाठी ते हवंच.

अजून एक, तुमचे १० किलो म्हणजे निव्वळ चरबी नाही बरं का. सुरुवातीच्या आठवड्यात शरीरातला साखरेचा साठा आणि त्याला धरून असलेलं पाणी जाते, पुढं थोडं स्नायूंचंही वजन जाते, म्हणून ताटात वरण, अंडी, दही नीट ठेवा आणि चालण्यासोबत थोडं वजन उचला, तुमचा जिमवाला भाऊ तिथं कामी येईल. आणि चरबीच्या पेशी कुठंच गेलेल्या नाहीत, त्या फक्त लहान झाल्यात. मोठ्या माणसात त्यांची संख्या जवळपास तेवढीच राहते, जुन्या मरतात तशा नव्या येतात. साठा कमी झाला की भूक आवरणारं लेप्टिन हार्मोनही कमी होते, त्यामुळे सध्या जास्त भूक लागून राहिली असेल तर त्यात तुमचा काही दोष नाही.