३०एक्सच्या आकड्याला भुलू नकोस
अरे, ३०एक्स झूमचा, म्हणजे लांबचं खूप जवळ आणणारा खिशातला सुपरझूम कॅमेरा घेऊ की एक इंची सेन्सरवाला, असं विचारतोयस ना? सुपरझूमचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपून फोटो बनवणारा भाग, असतो १/२.३ इंची, करंगळीच्या नखापेक्षा लहान, एक इंचीवाल्याचा क्षेत्रफळाने त्याच्या साधारण चौपट. सेन्सर लहान, की अंधारात फोटो बिघडलाच. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडला माझ्या जुन्या सुपरझूमने ढोलवाल्यांचे चेहरे पार शेवाळलेले, पुसट काढले, त्यात फुल झूमला लेन्स अजून कमी उजेड आत घेते ते वेगळंच. हां, थंडीत पुण्याजवळ कवडीपाटला नदीवर चक्रवाक टिपायचे असतील तर २४-७० वाला, म्हणजे जेमतेम तिप्पट झूमचा एक इंचीवाला घेऊन काय करणार, पक्षी ठिपक्याएवढा येतो, तिथे सुपरझूमच. पण तू म्हणतोयस घरातली कार्यं, पोरीचे फोटो, संध्याकाळी पेठेत भटकणं, मग डोळे झाकून एक इंचीवाला घे, सेकंडहँडसुद्धा चालेल, फक्त चार-पाचदा चालू-बंद करून लेन्स कुरकुरत नाही ना बघ.