पिल्लू वाळू खातंय, कारण ते अजून तीनच आठवड्यांचं आहे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मांजराचं पिल्लू चार दिवसांपूर्वी आईविना सापडलं, वजन ३१० ग्रॅम, तुम्ही त्याला महिन्याचं धरून चालला आहात. शी-शूच्या ट्रेमध्ये ठेवलं की ते त्यातली वाळू तोंडात घालतं आणि बाहेर येऊन पायपुसण्यावर शू करतं. शी पातळ आहे. दूध गाईचं, पाणी घालून. आणि घरातले म्हणतायत, शीत नाक घासा म्हणजे कळेल.

आधी वय बघू. उजेडात त्याचा वरचा ओठ हळूच उचला. पुढचे तांदळाच्या कणीएवढे दात नुकते आलेत आणि शेजारचे सुळे अजून नाहीत, असं असेल तर ते तीन आठवड्यांच्या आसपास आहे. सुळे साधारण चौथ्या आठवड्याकडे फुटतात. ३१० ग्रॅमही तेच सांगतंय. जन्मतः पिल्लू शंभर ग्रॅमच्या आगेमागे असतं, रोज दहा-पंधरा ग्रॅम चढतं आणि महिन्याला साडेचारशेच्या घरात येतं. म्हणजे तुमचं पिल्लू मठ्ठ नाही, तुम्ही त्याला आठवडाभर मोठं समजलात एवढंच.

या आठवड्याचा फरक मोठा आहे. पहिले सुमारे तीन आठवडे मांजराच्या पिल्लाला आपणहून शी-शू करताच येत नाही. आई चाटते तेव्हाच होतं. आई नसेल तर ते काम आपलं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस घ्यायचा, शेपटीखाली हलक्या हाताने, आई चाटेल त्या लयीत फिरवायचा, प्रत्येक दुधाच्या आधी किंवा नंतर. शू जवळजवळ दर वेळी होते, शी दिवसातून एक-दोनदा. तुमचं पिल्लू आत्ता मधल्या अवस्थेत आहे. थोडं आपलं आपण जमतंय, पण पूर्ण रिकामं होत नाही. म्हणून कापूस अजून आठवडाभर चालू ठेवा. याच कापसाचा पुढे ट्रेसाठी उपयोग आहे, त्याकडे येतोच.

त्याआधी दूध. गाईचं दूध आज बंद करा, पाणी घालून तर अजिबात नको. मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि चरबी गाईच्या दुधापेक्षा बरीच जास्त असतात. गाईच्या दुधातली साखर पिल्लाला नीट पचत नाही, ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब होतात. त्यात तुम्ही पाणी घातलंत, म्हणजे पोट भरतं पण अंगी काही लागत नाही. ट्रेचा निम्मा गोंधळ इथूनच आलाय. पातळ शी धरून ठेवणं मोठ्यालाही जमत नाही, या चिमुरड्याचं काय! मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर आणा. प्रमाण डब्यावर असतं तेच पाळा. अंदाज म्हणून सांगतो: शंभर ग्रॅम वजनाला दिवसाला साधारण २० मि.ली., म्हणजे तुमच्याकडे साठेक मि.ली. एका वेळी पोटात शंभर ग्रॅमला चारेक मि.ली. मावतात, म्हणजे बारा. दिवसात पाच वेळा पाजायचं, रात्रीची एक पाळी धरून. आपल्या मनगटावर थेंब टाकला तर गार लागू नये आणि चटकाही बसू नये, इतपत कोमट.

पाजताना ते पोटावरच हवं, आईखाली आडवं होतं तसं, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरायचं नाही. हे मी स्वतः चूक करून शिकलोय. माझ्या पहिल्या पिल्लाला मी मांडीवर उताणं घेऊन सिरिंजने दूध पाजलं, वर दट्ट्याही भराभर दाबला. नाकातून दूध आलं तेव्हा पुसून टाकलं आणि पुढे पाजत राहिलो. दोन दिवसांनी छाती घरघरायला लागली. दूध फुप्फुसात गेलं होतं. ते पिल्लू राहिलं नाही. तेव्हापासून मी बाटलीच वापरतो. बाटली उलटी केली की थेंब हळूहळू गळावा, धार लागू नये, एवढंच बाटलीच्या बोंडाचं टोक कापायचं. चोखायचा वेग त्याचा त्याला ठरवू द्यायचा.

अंग गार असेल तर पाजूच नका. या वयात त्यांना स्वतःची ऊब पुरेशी धरता येत नाही आणि गार पिल्लाचं पोट चालत नाही, दूध तसंच पडून राहतं. आधी आपल्या अंगाशी धरून सावकाश गरम करायचं, मग दूध. खोक्यात एका बाजूला टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा, दुसरी बाजू मोकळी. उकडलं तर त्याला सरकता आलं पाहिजे.

आता ट्रे. मांजराला वाळूत जायला शिकवावं लागत नाही. उकरायचं, करायचं, झाकायचं हे ते घेऊनच येतं, चौथ्या आठवड्याच्या आसपास ते आपोआप जागं होतं. आपण फक्त जागा आणि वेळ जुळवायची.

तुमच्याकडची वाळू गुठळी होणारी दिसतेय. ती आजच काढा. ती माती ओलाव्याने फुगते आणि घट्ट होते. या वयाचं पिल्लू प्रत्येक नवी गोष्ट तोंडाने तपासतं, तसंच ते वाळू तपासतंय. ती पोटात जाऊन फुगली तर आतडं अडू शकतं. त्याऐवजी कागदाच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या, गुठळी न होणाऱ्या गोळ्या घ्या. नाही मिळाल्या तर फाडलेला साधा कागदही चालतो. ट्रे म्हणजे खोक्याचं पसरट झाकण पुरे. काठ दोन-तीन सेंटीमीटर, जास्त नको. काठ चढताना धडपडलं की ते बाहेरच उरकतं. मोठ्या मांजराचा झाकणवाला ट्रे आणून ठेवला असेल तर सध्या माळ्यावर टाका.

मग तो कापूस. शू झालेला कापूस ट्रेच्या एका कोपऱ्यात ठेवून द्या. दोन-तीन दिवसांनी कापूस फिरवायचं कामही ट्रेवरच करा, पिल्लाचे मागचे पाय कागदावर टेकवून. वास, पायाखालचा स्पर्श आणि मोकळं होणं, हे तिन्ही त्याच्या डोक्यात एकत्र बसतं. माझ्याकडे आलेल्या बिनआईच्या पिल्लांत सगळ्यात जास्त फरक याच गोष्टीने पडला.

वेळ दोनच: झोपून उठल्यावर आणि दूध पिऊन झाल्यावर. पोटात दूध पडलं की आतडं हलतं, म्हणून पाजल्यावरची पाच-दहा मिनिटं सोन्याची. ट्रेमध्ये ठेवा आणि गप्प बसा. त्याचा पंजा धरून उकरून दाखवायला बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही. पाय धरलेला बहुतेक मांजरांना आवडत नाही, आणि ती नावड ट्रेला चिकटते. उकरायचंच तर तुमच्या बोटाने शेजारी खरखर करा. बाहेर आलं तर येऊ द्या. एकदाच परत ठेवा, दहादा नाही.

अधल्यामधल्या वेळी खुणा ओळखा. खेळता खेळता थांबणं, जमीन हुंगणं, कोपऱ्यात गोल फिरणं, फरशी खरवडणं, कधी बारीक ओरडणं. तेव्हा धावत न जाता उचलून ट्रेमध्ये.

आणि जागा लहान करा, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. तीन आठवड्यांच्या पिल्लाला एक खोलीसुद्धा मैदान आहे. शू लागल्याचं कळेपर्यंत आणि ट्रे आठवेपर्यंत उशीर झालेला असतो. मोठ्या खोक्यात किंवा जाळीच्या कुंपणात एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला ट्रे, असं ठेवा. चार-पाच दिवस चूक झाली नाही की खोली, मग घर. पायपुसणं मात्र आजच उचला. मऊ, पाणी शोषणारं, पायाखाली खरखरणारं, त्याच्या दृष्टीने तुम्ही घातलेल्या वाळूपेक्षा तोच उत्तम ट्रे आहे.

नाक घासायचं नाही. त्याला शी आणि शिक्षा यांचा संबंध लागत नाही, ट्रे आणि तुम्ही यांची भीती तेवढी बसते. मग ते पलंगाखाली जाऊन करतं, जिथे तुमचा हात पोचत नाही. चूक झाली तर कागदाने टिपा, तो कागद ट्रेमध्ये टाका, फरशी साबणाच्या पाण्याने धुवा. फिनाईल वापरू नका. त्यातल्या फिनॉलसारख्या द्रव्यांचा मांजराच्या यकृताला नीट निचरा करता येत नाही. ते ओल्या फरशीवरून चालणार आणि मग पंजे चाटणार. अमोनियाच्या वासाचा क्लीनरही नको. त्याचा वास शूच्या जवळचा, म्हणजे उलट आमंत्रणच.

सुळे आले की पिल्लांचं ओलं खाणं याच दुधात कालवून पसरट बशीत ठेवा. पहिले दोन दिवस ते त्यात चालेल, खाणार कमी. खाणं बदललं की शीही बदलते, घाबरू नका. बशी आणि ट्रे मात्र दूर ठेवा.

डॉक्टरांकडे उद्याच जा, जुलाब चालू आहेत म्हणून. जाताना ताजी शी डबीत घेऊन जा. जंताचं औषध या वयात चालतं आणि बहुतेक पिल्लांना लागतं, पण मात्रा वजनावर असते, घरी अंदाजाने देऊ नका. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून. पिसवा दिसल्या तर बारीक दातांच्या फणीने काढा. कुत्र्याचं पिसवांचं औषध त्याला कधीही लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेतं. हिरड्या पांढुरक्या किंवा चिकट वाटल्या, चोखणं बंद झालं किंवा अंग गार आणि ढिलं लागलं, तर उद्याची वाट बघू नका, रात्रीच न्या.

गुठळीच्या वाळूकडे तीन-चार महिन्यांनी, ती चाखणं पूर्ण थांबल्यावर वळता येईल. तेव्हाही बिनवासाचीच. बोका निघाला तर पुढच्या आयुष्यासाठी एक लक्षात ठेवा: ट्रेमध्ये बसून जोर करतोय आणि शू होत नाही, असं दिसलं तर ते हट्ट किंवा बद्धकोष्ठ समजून थांबायचं नाही. मूत्रमार्ग अडलेला असू शकतो आणि तिथे तास मोजायचे असतात.

आज रात्री पाजण्याआधी वजन करा, उद्या त्याच वेळी पुन्हा. स्वयंपाकघरातला काटा चालेल, वाडग्यात टॉवेल घालून. दोन्ही आकडे, दात किती दिसले आणि शीचा रंग एवढं लिहा, मग दुधाचं प्रमाण नक्की करू.