उपदेश न करता ख्रिस्ती विश्वास शेजाऱ्यांपर्यंत कसा पोहोचवावा? – उत्तर

आपण विचारले आहे की, खान्देशातल्या आपल्या गावात ख्रिस्ती घरे दोनच असताना, कोणाला उपदेश वाटू नये अशा रीतीने रोजच्या बोलण्यावागण्यातून विश्वास कसा सांगावा. याच मुद्द्यावर माझा आणि माझ्या थोरल्या बंधूंचा वीस वर्षांचा वाद आहे, म्हणून उत्तर लिहायला बसलो. बंधू नंदुरबारच्या बसस्थानकावर धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटत असत. मी एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होतो आणि माझे ठाम मत होते की, ज्याचा काटा खरा त्याला पत्रिकेची गरज नाही.

२००३ च्या हंगामात ओल्या लाल मिरचीची आवक एवढी होती की, दुपारनंतर शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची पट्टी लिहिताना ठसक्याने हात स्थिर राहत नसे. अशाच एका दुपारी एका शेतकऱ्याच्या ४ क्विंटल ९५ किलोचे मी ४ क्विंटल ६५ लिहिले. रात्री ताळा जुळेना, तेव्हा ९ चा ६ झालेला सापडला. शेठना सांगितले, तर ते म्हणाले, “पुढच्या खेपेला बघू,” आणि ज्या सुरात म्हणाले त्यावरून ती खेप कधीच येणार नाही हे मला उमगले. रविवारी उपासना आटोपल्यावर तीस किलोचे पैसे स्वतःच्या पगारातून घेऊन मी सायकलने त्या शेतकऱ्याचे गाव गाठले. ते अंगणात बैलाला पेंड चारत होते. “कसाले उनात भाऊ इतला दूर?” त्यांनी विचारले. मी चूक सांगितली, नोटा हातात ठेवल्या. त्यांनी त्या दोनदा मोजल्या आणि हे कोणी धाडले असे विचारले. मी म्हणालो, “शेठनी.”

खोटे का बोललो? ख्रिस्ताचे नाव काढले तर हा तीनशे रुपयांत माणूस बाटवायला आला असे त्यांना वाटेल, ही धास्ती होती. शिवाय मुळातली भीड. त्याचा परिणाम असा झाला की, पुढची कित्येक वर्षे त्या गावातली बरीचशी मिरची ‘देवमाणूस’ शेठकडे येत राहिली. बंधूंना हे कळले तेव्हा ते पोट धरून हसले आणि म्हणाले, “काम प्रभूचे, कीर्ती शेठची!” तो टोमणा मला आजही बोचतो, कारण तो खरा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात असे सांगितले आहे की, तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने द्या. बंधूंनी त्यातला ‘विचारले तर’ हा भाग सोडला आणि मी ‘उत्तर द्या’ हा.

तरीही पत्रिकांविषयी माझे मत बदललेले नाही. त्यातली भाषा उपासनेतली असते: ‘तारण’ म्हणजे पापातून सुटका, ‘साक्ष’ म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणे. आमच्याकडे शेतकऱ्याला ‘तारण’ म्हटले की सोसायटीत गहाण टाकलेली जमीन आठवते, आणि ‘साक्ष’ म्हटले की कोर्टाची तारीख. बंधूंनी एका म्हाताऱ्यांना “तुमचे तारण झाले का?” असे विचारले, तेव्हा ते घाईने म्हणाले की, हप्ता भरला आहे. त्यापेक्षा ‘देवाने मला माफ केले, म्हणून मी तुमच्यावर राग धरत नाही’ हे वाक्य कोणालाही कळते, अर्थात राग खरोखर सोडला असेल तर. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताविषयी लिहिताना अभंग आणि ओवीची वाट धरली, ती लोकांच्या ओठांवर होती म्हणूनच. त्यांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. एवढ्या शब्दप्रभूला घरच्या माणसासाठी पाच वर्षे थांबावे लागले, हे मी बंधूंना अनेकदा ऐकवले आहे. ते विषय बदलतात.

एक राहिले. मदत आणि धर्म एका ताटात वाढू नका. शेजाऱ्याला दवाखान्यात नेले असेल तर त्याच्या खाटेशेजारी बसून बायबल उघडू नका. तो उपकाराखाली असतो, त्याला नाही म्हणता येत नाही. संविधानाच्या २५व्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले आहे. आणि दोनच घरे असलेल्या गावात कोणी विचारलेच नाही तर काय करावे, याचे उत्तर माझ्याकडे नाही. मला तर विचारले होते.

दोन वर्षांपूर्वी त्या शेतकऱ्यांचे चिरंजीव बाजारात भेटले. वडील वारल्याचे त्यांनी सांगितले, तेव्हा मी त्या तीनशे रुपयांची खरी हकीकत आणि त्यामागचे कारणही सांगून टाकले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “मग बाबांना का नाही सांगितले?”